बोट धरलं, बोट सोडलं

कसोलच्या बेसकॅम्पवर पहिल्याच संध्याकाळी आम्हाला सॅक रिकामी करायला लावली. पार्वती नदीचा अखंड आवाज, तंबूंची रांग आणि अंथरलेल्या ताडपत्रीवर प्रत्येकाचा मांडलेला संसार. आमच्या तुकडीत निम्मे तरी महाराष्ट्रातले होते, त्यामुळे ताडपत्रीवर बाकरवडी, लसणाची चटणी आणि मेतकूट यांची रेलचेल होती. कॅम्प लीडर एकेक वस्तू उचलून विचारत होते, "हे कशाला घेतलंय?" माझ्याकडे तीन जीन्स निघाल्या, एक जाडजूड कादंबरी निघाली आणि स्टीलचा एक मोठा डबा. चटणी राहिली, बाकीचं गाठोडं सामानाच्या तंबूत जमा झालं. दुसऱ्या दिवशी उरलेली सॅक पाठीला लावून चढ चढायला लावला, मग दोराच्या आधाराने कातळ उतरायला. ताट-मग ज्याचा त्याने आणायचा आणि धुवायचाही ज्याचा त्यानेच. रात्री शेकोटीसाठी लाकूड जाळायचं नाही, दिव्याभोवती बसून गाणी म्हणायची. जवळच्या मलाणा गावाबद्दलही लीडरनी बजावून सांगितलं: कधी गेलात तर तिथल्या देवळाला आणि घरांच्या भिंतींना हात लावू नका, दुकानातली वस्तू हातातून घेऊ नका, त्यांचा तो रिवाज आहे आणि गाव त्यांचं आहे.

युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचा सार पासचा ट्रेक होता तो. खिंड १३,८०० फुटांवर. ती चढून आले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी रेकाँग पिओहून सरकारी बसने एकटीच काझाला गेले. किती सामान न्यायचं, पाणी घोटाघोटाने कधी प्यायचं, कुणाचा फोटो काढण्याआधी कसं विचारायचं, हे सगळं मला त्या ताडपत्रीवर मिळालेलं होतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. सहलीला नेणारा माणूस आपल्याला नेतो, हे समजण्यासारखं आहे. पण त्याने आपल्याला शिकवावं, पुढच्या वेळी त्याची गरजच पडू नये इतकं तयार करावं, ही कल्पना कुणाची? धंद्याच्या हिशेबात ती बसत नाही, तरी टिकून आहे. तिचा माग काढायला गेलं तर तो एका वाटेने मिळत नाही. दोन-तीन वाटा वेगवेगळ्या काळांतून येतात आणि मग कुठेतरी एकमेकींना छेदतात.

त्यातली सगळ्यात जुनी वाट आपल्या घरातूनच जाते. काशी, प्रयाग आणि गया मिळून त्रिस्थळी यात्रा. या यात्रेवरचा सर्वांत नावाजलेला ग्रंथ सोळाव्या शतकात काशीत लिहिला गेला आणि लिहिणाऱ्याचं घराणं मूळचं पैठणचं. नारायणभट्टांचे वडील रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. नारायणभट्टांच्या 'त्रिस्थलीसेतु'मध्ये कुठल्या क्षेत्री काय करावं, कोणत्या क्रमाने करावं, कशाचा निषेध आहे, याची शास्त्राधाराने चर्चा आहे. दूरच्या मुलखात गेल्यावर तिथल्या रीतीप्रमाणे कसं वागायचं, हे आधी जाणून घ्यायची गोष्ट आहे असं मानणारा माणूसच असा ग्रंथ लिहील. अर्थात तो संस्कृतात होता, पंडितांसाठी होता. शेतकऱ्याला, कोकणातल्या भिक्षुकाला किंवा देशावरच्या विधवेला तो वाचून काशीला जाता येणार नव्हतं. त्यांच्यासाठी होते क्षेत्रोपाध्ये.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्र्यंबकला, नाशिकला किंवा प्रयागला जावं, गाव आणि आडनाव सांगावं, आणि समोर लांबट वही उघडावी. त्यात पणजोबांचं नाव, बरोबर कोण आलं होतं, घरात मुलं किती, आणि खाली त्यांच्या हातची मोडीतली सही. प्रयागच्या माघमेळ्यात एकेका घराण्याच्या झेंड्यावर वेगळी खूण असते, ती पाहून निरक्षर यात्रेकरूही आपल्या उपाध्यांच्या तंबूशी बिनचूक पोचतो. उतरायची जागा, आपल्या चवीचं जेवण, आपली भाषा समजणारा माणूस, सगळं एका ठिकाणी. ही व्यवस्था शेकडो वर्षं चालली आणि तिने लाखो माणसं सुखरूप नेली-आणली. पण तिने शिकवलं काहीच नाही, असं माझं मत आहे. यात्रेकरू दर पिढीला तितकाच अडाणी येई, आणि उपाध्यांच्या दृष्टीने त्याने तसंच राहण्यात सोय होती. नडलेल्या यात्रेकरूकडून दक्षिणा उकळल्याच्या कहाण्या घराघरांत ऐकू येतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

शिकवणं घडत होतं ते दुसरीकडे. काशीहून परतलेल्याने घालायचं मावंदं आज आपल्याला जेवणावळ म्हणून आठवतं. पण गावात पोचलेला तो एकटा माणूस, त्याच्याभोवती बसलेली भावकी, आणि त्याने सांगितलेल्या वाटा, नद्यांचे उतार, धर्मशाळा आणि ठगांची भीती यांचा विचार करा. पुढच्या वर्षी निघणाऱ्याची तयारी त्या पंगतीत होत असणार.

अशाच तयारीने वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांच्या सोबतीने उत्तरेला निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून कर्ज फेडण्याच्या आशेने निघालेला हा तिशीतला भिक्षुक बंडाच्या ऐन वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आतून पाहिला. लुटले गेले, पुन्हा कमावलं, पुन्हा लुटले गेले. तरी काशीला पोचून गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी आले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. हे सगळं त्यांनी नंतर लिहून काढलं आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते 'माझा प्रवास' म्हणून छापलं. या पुस्तकाकडे आपण इतिहासाचं साधन म्हणून पाहतो. मला ते प्रवास शिकलेल्या माणसाचं पुस्तक वाटतं. कुणाकडे आश्रय मागायचा, कुठल्या गावात किती दिवस थांबायचं, सैनिकांशी काय बोलायचं आणि काय नाही, हे त्यांच्या अंगात पानागणिक मुरत जाताना दिसतं. काकांचं बोट धरून निघालेला माणूस परत येतो तेव्हा कुणालाही वाट दाखवू शकेल असा झालेला असतो.

पण शिकवणाऱ्या सहलीचा खरा नमुना हवा असेल तर दिंडीत जायला हवं.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. साताऱ्याजवळच्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरदार होते. लष्कराचा तळ कसा हलवतात, पुढची तुकडी आधी जाऊन राहुट्या कशी ठोकते, हजारो माणसं एका लयीत कशी चालतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. ते सगळं त्यांनी विठ्ठलाच्या वाटेवर आणलं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू येऊ लागले, ते आजही येतात. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या वेगळ्या आणि रथामागच्या वेगळ्या. लाखोंच्या गर्दीत हरवलेल्या माणसाला आपला क्रमांक ठाऊक असला की झालं. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा जनसमुदाय क्षणात गप्प होतो. मग हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात, गाऱ्हाणी मांडली जातात.

पहिल्यांदा वारीला निघालेल्या बाईला कुणी वर्ग घेऊन शिकवत नाही. तिच्या शेजारी चालणारी, पंधरा-वीस वाऱ्या झालेली दुसरी बाई असते. ती सांगते: नवी चप्पल घालू नको. रात्री तळपायाला तेल चोळ. पहाटे अंघोळीची रांग लागायच्या आधी ऊठ. वळकटीला सुतळीच्या दोन गाठी मार, म्हणजे ट्रकमध्ये सुटणार नाही. दिवेघाटात घाई करू नको, उन्हाच्या आत चढ संपव. आणि भेटेल त्याच्या पाया पड, समोरचा लहान असला तरी, कारण तोही आधी तुझ्या पाया पडणार आहे. हे शेवटचं शिकणं मला फार मोलाचं वाटतं. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची गावं या लोकांना पिढ्यान्पिढ्या अंगणात उतरवून घेतात, ठरलेल्या घरी ठरलेली दिंडी जेवते. इतक्या माणसांचा लोंढा एखाद्या लहान गावावरून जावा आणि गावाने पुढच्या वर्षी त्याची वाट पाहावी, हे फक्त श्रद्धेने होत नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागण्याचा तो सराव आहे. चार वाऱ्या झाल्या की ती नवखी बाई स्वतःच नव्या बाईला गाठ मारायला शिकवते. इथे शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात पैशाचा व्यवहार नाही, म्हणून शिकवणाऱ्याला काही राखून ठेवावं लागत नाही.

आता दुसरी वाट. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोला एक खास आगगाडी निघाली. सुमारे ५०० माणसं, भाडं एक शिलिंग, उद्देश दारूबंदीच्या सभेला जाण्याचा. ती ठरवणारा थॉमस कुक हा सुतारकाम शिकलेला, बाप्टिस्ट पंथाचा साधा माणूस. कामगारांनी सुट्टी गुत्त्यात घालवू नये एवढीच त्याची तळमळ होती. पुढे यातून धंदा उभा राहिला आणि 'सहल' या शब्दाला आज जो अर्थ आहे तो बहुतांशी त्याने दिला.

कुकवर सगळ्या पर्यटकांना मेंढरांसारखं हाकल्याचा आरोप तेव्हापासून आहे. तो अर्धाच खरा आहे. १८६३ साली त्याने स्वित्झर्लंडला जी पहिली तुकडी नेली, तिच्यात यॉर्कशायरची जेमायमा मॉरेल नावाची तरुणी होती. तिने लिहिलेली रोजनिशी दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि १९६३ साली छापली गेली. त्या काळात इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय तरुणीने असं परदेशी हिंडायला जाणं ही लहान गोष्ट नव्हती. कुकच्या सोबतीने ती सोपी झाली. आणि संपूर्ण प्रवासभर कुक त्यांच्याबरोबर नव्हताच. त्याने सुरुवात करून दिली, पुढे ही मंडळी आपसांत ठरवून, पायी, खेचरावर, गाडीने आल्प्समध्ये फिरली. नंतर कुकने हॉटेलची कुपनं आणि फेरीची तिकिटं काढली, म्हणजे ज्याला सोबत नको त्याने नुसती तिकीटपुस्तिका घेऊन एकट्याने फिरावं. एकाच दुकानात बोट धरण्याची आणि बोट सोडण्याची अशा दोन्ही सोयी होत्या.

कुकच्या कंपनीने १८८१ साली मुंबईत कचेरी उघडली. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने हजच्या यात्रेची व्यवस्था त्याच्या कंपनीकडे सोपवली. मुंबई बंदरातून निघणाऱ्या गरीब यात्रेकरूंचे दलालांकडून आणि जहाजवाल्यांकडून हाल होत, त्यावर हा उपाय होता. काही वर्षांत तो प्रयोग बंद पडला. यात्रेच्या जुन्या व्यवस्थेला आगगाडीच्या युगातली शिस्त लावायचा तो एक मोठा प्रयत्न होता.

तिसरी वाट कसोलच्या ताडपत्रीपर्यंत थेट जाते. जर्मनीत १९०१ च्या सुमारास बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झमध्ये शाळकरी मुलांनी पायी भटकण्याची चळवळ सुरू केली होती. रिचर्ड शिरमान हे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन असेच लांब पायी सहलींना जात. २६ ऑगस्ट १९०९ च्या रात्री वादळाने त्यांना गाठलं. एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला, गवताचे भारे अंथरून मुलं झोपली. बाहेर गडगडाट चालू असताना शिरमान जागे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, की सुट्टीत देशातल्या सगळ्या शाळा रिकाम्या असतात, त्या भटक्या मुलांसाठी का उघडू नयेत? १९१२ साली आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह निघालं. नियम साधे होते. आपली अंथरुणं आपण घालायची, आपली भांडी आपण घासायची, झाडलोटीला हात लावायचा. शिक्षकाची सहल असल्यामुळे शिकवणं हा तिचा गाभा होता, सोय नंतर.

ही चळवळ जगभर गेली, भारतात आली, आणि १९७० च्या दशकापासून तिच्या हिमालयातल्या ट्रेकना महाराष्ट्रातून मुलं लोटू लागली. पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या कितीतरी घरांमध्ये पहिल्यांदा घर सोडून दहा दिवस राहिलेली मुलगी याच ट्रेकला गेलेली असते. आईबापांना पटवायला संस्थेचं नाव पुरे होतं. जाताना रोज एक तुकडी निघते, आणि तळावर उरलेले सगळे दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्यांनी तिला निरोप देतात. मी त्या रांगेतून गेले आहे, आणि रांगेत उभीही राहिले आहे.

इथपर्यंत झाली ती पाय आणि पाठ यांची तयारी. परक्याच्या घरी कसं वागायचं, ही वेगळी विद्या आहे, आणि ती आधुनिक जगाने बरीच ठेच खाऊन शिकली. डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थाने १९३२ साली मुलांचा गट युरोपात नेला आणि 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' ही संस्था सुरू केली. हळूहळू तिचं सूत्र असं ठरलं: गटाने जायचं, पण तिथे पोचल्यावर प्रत्येकाने एकेका कुटुंबात राहायचं, त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसायचं, त्यांची भाषा थोडी तरी आधी शिकून जायचं. गटप्रमुख असे, पण घराच्या उंबऱ्याशी त्याचं काम संपे. या संस्थेचे एक जुने गटप्रमुख सार्जंट श्रायव्हर १९६१ साली अमेरिकेच्या पीस कोअरचे पहिले संचालक झाले.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती प्रसिद्ध ठेच लागली. नायजेरियात इबादानला प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण स्वयंसेविकेने मित्राला पोस्टकार्ड लिहिलं. त्यात रस्त्यावरच्या अस्वच्छतेचं आणि उघड्यावर चालणाऱ्या व्यवहारांचं वर्णन होतं. कार्ड टपालात पडण्याऐवजी विद्यापीठाच्या आवारात पडलं. नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती लागलं, त्याच्या प्रती निघाल्या, निदर्शनं झाली. ती मुलगी दुष्ट नव्हती. जे दिसलं ते तिने लिहिलं. पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात पाहुणी म्हणून गेल्यावर, उघड्या कार्डावर ते लिहिणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच सुमाराला एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाचं 'द सायलेंट लँग्वेज' हे १९५९ चं पुस्तक गाजत होतं. माणूस किती अंतरावर उभा राहतो, भेटीला किती उशिरा येणं चालतं, शांत बसण्याचा अर्थ काय होतो, हे प्रत्येक समाजात वेगळं असतं आणि शिकवता येतं, हे हॉलने अमेरिकन मुत्सद्द्यांना शिकवताना पाहिलेलं होतं.

आपल्याला याची दुसरी बाजू जवळून ठाऊक आहे. १९८० च्या दशकात जर्मनीहून थेट गोव्याच्या दाबोळीला चार्टर विमानं येऊ लागली. किनाऱ्यावरचं पाणी हॉटेलांकडे वळतंय, जमिनी जातायत, आपल्या गावांचं प्रदर्शन मांडलं जातंय, म्हणून 'जागृत गोंयकारांची फौज' १९८७ साली रस्त्यावर उतरली आणि पर्यटकांच्या बसवर शेणाचा मारा झाला. बसमधल्या माणसांनी वैयक्तिकरीत्या काही गुन्हा केलेला नव्हता. त्यांना आणणाऱ्यांनी त्यांना समुद्र दाखवला आणि गाव सांगितलंच नाही, हा गुन्हा होता. असं माझं ठाम मत आहे.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रात आहे. धारावीत २००६ च्या सुमाराला 'रिअ‍ॅलिटी टूर्स'ने पायी फेऱ्या सुरू केल्या तेव्हा त्यांच्यावर गरिबीचं दर्शन विकल्याची टीका झाली. ती चर्चा अजून संपलेली नाही आणि संपू नये. पण त्यांनी पहिल्यापासून एक नियम ठेवला: गट लहान असेल आणि वस्तीत फोटो काढायचा नाही. कॅमेरा खाली ठेवायला लावला की माणसाला कान वापरावे लागतात. चामड्याच्या कारखान्यात, पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या शेडमध्ये, पापड वाळत घातलेल्या अंगणात काय चाललंय ते विचारावं लागतं. दोन तासांत एवढा एक सराव झाला तरी तो माणूस पुढच्या शहरात वेगळा वागेल.

या सगळ्या वाटा जिथे एकत्र आल्या असं मला वाटतं, ते ठिकाण आहे अमेरिकेत सिएटलजवळ. रिक स्टीव्हज नावाचा पियानो शिकवणारा तरुण १९७० च्या दशकात युरोपात कमी पैशांत कसं फिरायचं याचे वर्ग घेऊ लागला. वडील युरोपातून पियानो आयात करत, त्यांच्याबरोबर १९६९ साली तो पहिल्यांदा युरोपला गेला होता. १९८० साली त्याने 'युरोप थ्रू द बॅक डोअर' हे पुस्तक स्वतः छापलं. स्थळांच्या यादीपेक्षा त्यात कसबाला जास्त जागा होती: बॅग किती, पैसे कुठे ठेवायचे, रेल्वेचं वेळापत्रक कसं वाचायचं, फोन कसा करायचा. मग लहान गट घेऊन तो मिनीबसने निघू लागला. आज त्याची कंपनी मोठी आहे, तरी सहलीला येणाऱ्याने स्वतःची बॅग स्वतः जिन्यावरून न्यायची आणि काही जेवणं स्वतः शोधायची ही अट आहे. गाईड गटाला भुयारी रेल्वेचं तिकीट कसं काढायचं ते दाखवतो आणि दुपार मोकळी सोडतो. तो पुस्तकंही विकतो, ज्यांच्या आधारे पुढच्या वेळी त्याच्याशिवाय जाता येतं. धंद्याच्या हिशेबात न बसणारी ती कल्पना इथे धंद्यासकट उभी आहे.

मग आपल्या मराठी टूर कंपन्या? त्यांच्याबद्दल कुत्सितपणे बोलणं सोपं आहे आणि मला ते आवडत नाही. आधी यात्रा कंपन्या होत्या. आचारी, भांडी आणि शिधा बरोबर घेऊन चारधाम आणि रामेश्वर करवणाऱ्या. मग केसरी पाटलांनी १९८४ साली केसरी टूर्स सुरू केली आणि पुढच्या काळात मराठी मध्यमवर्ग सिंगापूरला, युरोपला जाऊ लागला. आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात मिळतो, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढायचं धाडस केलेली माणसं मला ठाऊक आहेत. फक्त स्त्रियांच्या सहली निघाल्या, हे तर फार मोठं काम झालं. माझी मावशी काका गेल्यानंतर अशाच सहलीला गेली. इमिग्रेशनचा फॉर्म तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भरला, कारण टूर मॅनेजर मुलीने तो भरून द्यायला नकार दिला. "मी शेजारी उभी आहे मावशी, तुम्ही लिहा." मावशी आता लेकीकडे सिंगापूरला एकटी जाते-येते.

तो नकार मला दिंडीतल्या सुतळीच्या गाठीइतकाच महत्त्वाचा वाटतो. पण तो आजही त्या त्या टूर मॅनेजरच्या स्वभावावर सोडलेला आहे. मी एका युरोपच्या सहलीला गेले होते. तेरा दिवसांत एकदाही तिकीट काढलं नाही, एकदाही कुणा स्थानिकाशी पूर्ण वाक्य बोलले नाही. आमच्या बसमधला एक जण चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना फ्लॅश मारून फोटो काढत होता, आणि त्याला थांबवणं आपलं काम आहे असं बरोबरच्या माणसाला वाटलं नाही. पैसे दिलेल्या पाहुण्याला दुखवू नये, हे त्याला शिकवलेलं होतं. यजमानाला दुखवू नये, हे नव्हतं.

ही कामं कठीण नाहीत. निघण्याआधीच्या बैठकीत हवामान आणि कपड्यांबरोबर अर्धा तास तिथल्या रीतीभातींना द्यावा. स्थानिक भाषेतले पाच शब्द पाठ करून घ्यावेत. एक सकाळ बस उभी ठेवून सगळ्यांना ट्राममध्ये बसवावं, तिकीट ज्याचं त्याने काढावं. एका जेवणाला वरणभात नसावा. शेवटच्या दोन दिवसांत नकाशा प्रवाशांच्या हातात असावा आणि टूर मॅनेजरने मागे चालावं. मराठी टूर कंपन्यांकडे इतकी हुशार, बोलकी, माणसं जोडणारी तरुण मुलंमुली आहेत, की हे त्यांना उद्यापासून जमेल. आपण मागायला हवं.

तेव्हा पुढच्या सहलीचे पैसे भरायला जाल तेव्हा हॉटेल किती तारांकित आणि जेवण कसलं, याबरोबर एवढंही विचारा: आम्हाला तिथे स्वतः काय करायला मिळणार? आणि निघायच्या आदल्या रात्री भरलेली बॅग एकदा स्वतः उचलून दोन जिने चढून बघा. जड वाटली तर तिसरी जीन्स काढून ठेवा.